‘पोराला आयटीआयला घालू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला एका सेटरचं उत्तर

गेल्या मंगळवारी रात्री जेवून हात धुतोय तोवर पलूसहून बहिणीचा फोन आला. "दादा, पोराचा आयटीआयचा फॉर्म काढून घ्यायचं म्हणतायत हे. मोबाइलवर आलंय, आता सगळं रोबोट करणार." मी म्हटलं, काय आलंय ते मला पाठव. तिनं पाठवलं, तर तेच. गेल्या पंधरा दिवसांत शेडच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मिळून चार वेळा आलेलं. चारही वेळा मी ते न वाचता सोडून दिलं होतं. या वेळी वाचलं, कारण आता ते माझ्या भाच्याच्या मुळावर आलं होतं.

मेसेज असा: जपानमध्ये दिवे बंद करून कारखाने चालतात, तिथं एकही माणूस नाही, दोन वर्षांत आपल्या एमआयडीसीतही तेच होणार. टर्नर, फिटर, वेल्डर, मोल्डर हे ट्रेड संपले. ऑटोमॅटिक मशीन कधी चुकत नाही, आणि सेन्सर असल्यामुळं त्यावर अपघातही होत नाही. जिथं रोबोट आले तिथं बेकारी आली. म्हणून पोराला आयटीआयला घालू नका, दोन वर्षं वाया जातील. खाली हात जोडलेले, आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’.

मी सांगलीच्या आयटीआयमधून टर्नर झालो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत बावीस वर्षं काढली. हेल्पर म्हणून लागलो, आज सीएनसीचा सेटर आहे, म्हणजे आकड्यांच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन मापाला लावून देणारा. त्यामुळं यातलं जे सगळ्यात घातक आहे तिथूनच सुरुवात करतो.

‘मशीन चुकत नाही, अपघात होत नाही.’ हे वाक्य ज्यानं लिहिलं तो कधी चालू चकासमोर, म्हणजे जॉब (कापायचा भाग) पकडून फिरवणाऱ्या जबड्यासमोर, उभा राहिलेला नाही. सीएनसीला जे सांगाल ते ती करते. बरोबर सांगितलं तर बरोबर, चूक सांगितलं तर चूकही तितक्याच इमानदारीनं. आमच्याकडच्या कितीतरी मशीनवर जो कंट्रोल असतो, त्यात ‘एक्स ५०’ लिहून पुढं टिंब द्यायला विसरलात तर बहुतेक सेटिंगमध्ये मशीन त्याला पन्नास मिलिमीटर समजत नाही, पन्नास मायक्रॉन समजते. एका टिंबात हजारपट फरक. टूल कुठं जाऊन आदळेल ते नंतर बघायचं.

मी पूर्वी ज्या शेडमध्ये होतो तिथली एक रात्र सांगतो. जॉबचा डायामीटर ०.०५ मिलिमीटर जाड येत होता, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजला होता. ऑफसेटमध्ये, म्हणजे माप दुरुस्त करायच्या रकान्यात, उणे ०.०५ टाकायचं. झोपेच्या भरात पोरानं टाकलं उणे ०.५. मधलं एक शून्य गेलं. बार फीडर लावलेलं, म्हणजे सळी आपोआप पुढं घेणारं मशीन, एका जॉबला चार मिनिटं. दोन वाजता आकडा टाकला, साडेपाचला मी येऊन पहिला जॉब मापला. ट्रेमध्ये ५२ जॉब नीट ओळीनं रचलेले, पृष्ठभाग आरशासारखा, आणि सगळेच्या सगळे ०.४५ नं बारीक. कापलेलं परत चिकटवता येत नाही, सगळे भंगारात. मशीननं एकदाही अलार्म दिला नाही. तिच्या हिशोबानं तिनं काम चोख केलं होतं.

आता अपघाताचं. त्याच शेडमध्ये मशीनच्या दरवाजाच्या स्विचला जंपर मारून ठेवला होता, म्हणजे दरवाजा उघडा असला तरी चक फिरत राहायचा. का, तर प्रत्येक वेळी दरवाजा लावण्यात वेळ जातो. कापताना निघालेली लांब चिप जॉबला गुंडाळली गेली, ती ओढायला एका पोरानं हात घातला. हातात सुती मोजा. मोजा चिपमध्ये अडकला, चिप चकाबरोबर फिरत होती. दोन बोटं गेली. सेन्सर होता की तिथं! माणसानं तो मुका करून ठेवला होता. ‘ऑटोमॅटिकवर अपघात होत नाही’ या एका समजुतीवर असे जंपर मारले जातात, म्हणून हा मेसेज वाचून माझं डोकं फिरलं.

आणि हे फक्त कुपवाडचं नाही. २५ जानेवारी १९७९ ला अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथं फोर्डच्या कास्टिंग प्लांटमध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच ओतकामाच्या कारखान्यात, २५ वर्षांचा एक कामगार सुटे भाग काढायला रॅकवर चढला. भाग आणून देणाऱ्या रोबोटचा हात मागून आला आणि त्याच्या डोक्यात बसला. तो जागीच गेला, आणि रोबोट आपलं काम करत राहिला. सुरक्षेची व्यवस्था अपुरी होती म्हणून ज्युरीनं त्याच्या घरच्यांना १ कोटी डॉलर द्यायला लावले. १९८१ मध्ये जपानमध्ये आकाशीच्या कावासाकी कारखान्यात दुरुस्तीला गेलेला कामगार कुंपण ओलांडून आत गेला. रोबोट पुरता बंद झालेला नव्हता. तोही गेला. फिरत्या भागांना आडोसा हवाच, हे आपल्याकडं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकविसाव्या कलमात लिहून ठेवलं होतं. मशीन स्वयंचलित झाली म्हणून ते कलम कुणी खोडलं नव्हतं. रोबोट आला की कुंपण, लाइट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा), इमर्जन्सी स्टॉप हे सगळं उलट वाढतं, आणि ते रोज तपासणारा माणूसही लागतो.

दिवे बंद करून चालणाऱ्या कारखान्याचं निम्मं खरं आहे. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी ओशिनो इथं फानुक कंपनीचा कारखाना २००१ पासून तसा चालवतात. रोबोटच रोबोट बनवतात आणि तीस-तीस दिवस माणसाच्या देखरेखीशिवाय काम होतं असं सांगितलं जातं. पण त्याच फानुकमध्ये हजारो माणसं नोकरीला आहेत. रोबोट आखणारी, जोडणी तपासणारी, बिघडलं की जाऊन उघडणारी. अंधारात चाललेल्या त्या तीस दिवसांची तयारी उजेडात कुणीतरी केलेली असते. आणि सगळं एकदम रोबोटवर टाकायला गेलेल्या टेस्लाचं काय झालं? १३ एप्रिल २०१८ ला खुद्द इलॉन मस्कनं जाहीर लिहिलं की अति ऑटोमेशन ही चूक होती, माझी चूक होती, माणसांना कमी लेखलं जातं. दोन वर्षांत कुपवाड अंधारात जाणार म्हणणाऱ्यानं एवढं तरी वाचायचं.

‘आता रोबोट येणार’ हेही चूक. पहिला औद्योगिक रोबोट १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. काम काय, तर डाय कास्टिंग मशीनमधून तापलेले भाग काढणं. आकड्यांवर चालणारी मिलिंग मशीन अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठानं १९५२ मध्येच दाखवली होती. साठ-सत्तर वर्षं ही गोष्ट चालू आहे.

बेकारीचा मुद्दा एका आकड्यात संपतो. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघ दरवर्षी मोजणी करतो. २०२३ मध्ये दक्षिण कोरियात कारखान्यांतल्या दर दहा हजार कामगारांमागे १,०१२ रोबोट होते. जगात सगळ्यात जास्त. जगाची सरासरी १६२. जर्मनी ४२९, जपान ४१९. मेसेज खरा असता तर कोरियात घरटी एक बेकार दिसला असता. तिथला बेकारीचा दर त्या वर्षी तीन टक्क्यांच्याही आतच होता. आणि जर्मनी, जिथं जगाच्या सरासरीच्या अडीचपट दाट रोबोट आहेत, तिथं पोरं आजही आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि काही दिवस कारखान्यात असं ट्रेड शिकतात. भारतात २०२३ मध्ये नवीन रोबोट बसले ८,५१०. अख्ख्या देशात.

आता जे खरं आहे ते मान्य करतो, करायलाच हवं. नुसतं जॉब लावणं-काढणं एवढंच ज्याचं काम, त्याची नोकरी धोक्यात आहे. गॅन्ट्री लोडर, म्हणजे जॉब आपोआप लावणारा-काढणारा हात, आला की तीन मशीनमागं एक माणूस पुरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकाच मापाचा, सरळ, दिवसात हजारदा मारायचा वेल्ड रोबोटकडं चाललाय. यात पहिली गदा येते ती ठेकेदाराकडच्या पोरांवर, आणि त्यांना कुणी विचारत नाही. त्यावर कुणी लिहिलं तर मी स्वतः दहा ग्रुपवर टाकीन. काही आयटीआयमध्ये अजून जुन्या लेथवरच सगळं चालतं, सीएनसीवर हात फिरवायला मिळत नाही, हेही खरं. पण त्यावर उपाय पोराला घरी बसवणं हा नाही.

फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, थोडक्यात सांगतो. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगचे वाढलेले कोपरे घासायला, दिवसभर ग्राइंडर घेऊन धुळीत बसावं लागतं. ती सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते, सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ते काम रोबोटनं खुशाल न्यावं. पण ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमध्ये हवेचं भोक, का आलं, वाळू ओली होती की मेटल थंड होतं, हे ज्याला कळतं तो मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा बनवणारा, कुठं जात नाही. मूठभर वाळू दाबून, ती मोडून ओल सांगणारे लोक मी बघितलेत. आता लाइनवर ओल मापणारं यंत्र असतं, आणि त्याचा आकडा पटला नाही की अजूनही याच लोकांना बोलावतात.

बहिणीचं घर ज्या पलूस तालुक्यात आहे, तिथंच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर तिथं कारखाना उभा केला. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. तेव्हा मोबाइल नव्हता, तरी अफवा शिवारभर फिरलीच.

रविवारी भाच्याला शेडवर बोलावलं. ८० मिलिमीटरचा शाफ्ट चालू होता, बेअरिंग बसायच्या जागेला १९ मायक्रॉनची मुभा. मशीनमधून काढल्या काढल्या त्याच्या हातात मायक्रोमीटर दिला. जॉब हाताला चांगला गरम लागत होता. माप बरोबर, मुभेच्या आत. म्हटलं, ठेव पंख्याखाली, चहा पिऊन येऊ. तासाभरानं परत मापायला लावलं, तर माप खाली गेलेलं, जॉब रिजेक्ट. एवढा शाफ्ट वीस अंशांनी थंड झाला की साधारण १८ मायक्रॉननं आक्रसतो. तो दोनदा मापून बघत होता, आपलंच चुकलं असं वाटून. मी त्याला सांगितलं की हा जॉब मशीननं पास केला असता, आणि उन्हाळ्यात सांगलीच्या शेडमध्ये हे रोज होतं. हे ओळखायला ज्याला येतं त्याला सेटर म्हणतात. ते शिकायची सुरुवात आयटीआयमध्ये होते, फाइल घासता घासता आणि व्हर्नियर वाचता वाचता.

संध्याकाळी तिथंच बसून त्यानं विकल्प पुन्हा भरले. पहिला मशिनिस्ट, दुसरा टर्नर, तिसरा फिटर. पाव्हण्यांशी मी रात्री फोनवर बोललो. त्यांना तो मेसेज कुणाकडून आला तेही विचारून घेतलं. आता हे सगळं त्या माणसाला पाठवतोय. त्याच्या घरी यंदा दहावीची मुलगी आहे.