उपटण्याआधी खोड कापून बघा

वाइन बनवणाऱ्या एका घराण्याच्या पडीक द्राक्षमळ्यावरचा लेख वाचला. वारसांनी तो मळा हाती घेताच सगळ्या जुन्या वेली मुळासकट काढल्या, आणि लेखात यालाच 'पुनरुज्जीवनाचं पहिलं पाऊल' म्हटलंय. हे मला अजिबात पटलं नाही. मुळांवर फायलोक्सेरा (मुळांतला रस शोषणारी कीड) असेल किंवा विषाणू पसरला असेल, तर उपटण्यावाचून इलाज नाही, मान्य. पण नुसती सात-आठ वर्षं छाटणी चुकलेली वेल म्हणजे मेलेली वेल नव्हे. आमच्या घरच्या मळ्याची अशीच दशा झाली होती. ओलांडे (खोडापासून आडव्या नेलेल्या फांद्या) वाळलेले, काड्यांचा नुसता गुंता. वडिलांनी एकेक खोड करवतीने कापत खाली आणलं. कापात तपकिरी डाग दिसला की आणखी खाली, स्वच्छ फिकट लाकूड लागेपर्यंत. कलमाच्या जोडाच्या वर जिवंत डोळा सापडला की काम झालं. तिथून आलेला एकच जोमदार फुटवा बांबूला बांधून वर नेला आणि त्याचंच नवं खोड केलं. (जोडाच्या खालचा फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधलंय त्या दुसऱ्या वेलीचा असतो, तो काढूनच टाकायचा.)

नव्या लागवडीला धड पीक यायला तीन वर्षं तरी जातात. आमच्या बऱ्याच वेलींनी दुसऱ्याच हंगामात घड दिले, कारण खाली मुळं तयार होती. ज्या मेल्या तिथे नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावली. शिवाय घराण्याच्या वाइनची चव ज्या वेलींनी घडवली, त्याच काढून टाकल्यावर जुनं असं उरलं काय? तळघर आणि पाटी?