छातीत जळजळायलंय, गॅसची गोळी द्या

आज दुपारी मेडिकलमध्ये आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले होते. शेजारी एक बाई आली. "छातीत जळजळायलंय, घाम सुटलाय यांना, गॅसची गोळी द्या." दुकानदाराने पाकिटातल्या दोन गोळ्या कापून हातावर ठेवल्या. संपलं. बाहेर नवरा स्कूटरवर बसलेला. खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसत होता, आणि मधूनच उजव्या हाताने डावा दंड दाबत होता.

मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, गोळी राहू द्या, आधी ईसीजी काढून घ्या, आत्ता, लगेच. बाई माझ्यावरच चिडली. "शुभ बोला की ताई. सकाळी कडक भाकरी आन शेंगाचटणी जास्त झालीय, दुसरं काय नाही." गेले दोघं. अडवायला पाहिजे होतं मी. १०८ लावायला पाहिजे होता.

तो दंड दाबणारा हात बघितल्यापासून माझे वडील, अप्पा, डोळ्यांसमोरून हलत नाहीयेत.

आमचे अप्पा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, बारा तास मागावर उभे. रविवारी मंडईतून भाजी आणायला मी सोबत असायचे. शेवटच्या तीन-चार महिन्यांत ते ठरावीक पिंपळापाशी थांबायला लागले. "थांब गं, पिशवीचा हात बदलतो." पिशवी खाली ठेवायचे, दोन मिनिटं उभे राहायचे, मग उजव्या हातात घेऊन निघायचे. मला वाटायचं, पिशवी जड आहे. पिशवीत काय होतं? मेथीची जुडी आणि अर्धा किलो वांगी.

चाललं की दुखतं, थांबलं की दुखायचं थांबतं. ही खूण आहे हो! हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी साधारण सत्तर टक्के अरुंद झाली की श्रमाच्या वेळी रक्त कमी पडायला लागतं. विश्रांती घेतली की भागतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. अप्पांचा ईसीजीसुद्धा काढला होता एकदा. पलंगावर झोपवून. नॉर्मल आला. झोपलेल्या माणसाचा ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, चालवून बघावं लागतं, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो.

गेले तेव्हा वय ५४. फ्लेक्सवर छापलं, "अचानक". या शब्दाची मला आता चीड येते. अचानक काही नव्हतं. तंबाखू, साखर, बीपी, यांनी वाहिनीचं आतलं अस्तर खरबरीत होतं. त्यातून वाईट कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं. पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात, तिथेच मरतात. वर्षानुवर्षं थर साचतो, त्यावर पातळ साय धरते. ती साय एक दिवस फाटते, रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. फाटायला क्षण लागतो, साचायला तीस वर्षं. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली होती, ते १९५३ मध्ये छापून आलं. सरासरी वय २२, आणि चारातल्या तिघांच्या वाहिन्यांत सुरुवात झालेली. बावीस वर्षांची पोरं!

आणि आपण म्हणायचो, हा श्रीमंतांचा रोग, मागावर राबणाऱ्याला कसला होतोय. अप्पाही हेच म्हणायचे, तळहातावर तंबाखू-चुना मळत.

मान्य, प्रत्येक जळजळ म्हणजे अटॅक नसतो. गॅसही होतो. आणि हो, गरज नसताना वाहिनीत स्टेंटची जाळी टाकणारेही असतील कुठेतरी. म्हणून ईसीजीच काढायचा नाही?

बायांचं तर विचारूच नका. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या कितीजणी मिश्री लावतात, त्यात साखरेचा त्रास. बायकांना आणि साखरेच्या पेशंटला पुष्कळदा छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा नाहीतर पाठ दुखते, गळून गेल्यासारखं होतं. "काम जास्त झालं" म्हणून पडून राहतात. कोण बघतंय त्यांच्याकडे?

हे लिहिताना मेडिकलवाल्यावरचा राग उतरलाय थोडा. तो बिचारा मागितलं ते देतो. आणि त्या बाईवर तर मी रागावूच शकत नाही. मीही तेच केलं होतं. त्या रात्री अप्पा घामाने भिजून उठून बसले, छातीवर दगड ठेवल्यासारखं झालंय म्हणाले, आणि मी त्यांना सोडा-लिंबू करून दिलं. ग्लास अर्धा झाला होता. रिक्षा मिळेपर्यंत दीड तास गेला. पहिल्या तासात पोचलो असतो तर, हा विचार मी बारा वर्षं करतेय.

तुमच्यापैकी ज्यांचे वडील अजून मंडईत जातात, त्यांनी उद्या सोबत जा. पिशवी तुम्ही घेऊ नका, त्यांनाच घेऊ द्या, आणि कुठे थांबतात ते बघा.

माझा भाऊ ३६ चा आहे. मावा खातो. वडिलांना पंचावन्नच्या आत झालं असेल तर मुलांना धोका जास्त, हे त्याला शंभर वेळा सांगून झालं. उद्या सकाळी सात वाजता उपाशीपोटी त्याला तपासणीसाठी रक्त द्यायला नेतेय, मीही देणार आहे. येत नाही म्हणतोय. त्याच्या गाडीची किल्ली माझ्या उशाखाली आहे.