पोथी उघडायच्या आधी निकाल ठरवून ठेवा

पहिली गोष्ट, पोथी कधीही मोकळ्या मनानं उघडायची नाही. मोकळ्या मनानं उघडली की तीत जे लिहिलंय तेच दिसायला लागतं आणि मग सगळीच पंचाईत. त्यापेक्षा आधी ठरवा काय पाहिजे ते, बांधाचं भांडण असेल, सुनेला नोकरी सोडायला लावायची असेल, सोसायटीच्या इलेक्शनला उभं राहायचं असेल, एकदा मनात पक्कं धरा, मग हातपाय धुवा, दिवा लावा आणि उघडा. पोथी बिचारी कुणाला नाही म्हणत नाही. आपल्या बेळगावच्या शहापूर-वडगावपासून तिकडं खानापूर-निपाणीपर्यंत ह्या पद्धतीनं वाचणारी इतकी जाणती मंडळी आहेत की शिकायला लांब जायला नको, कुठल्याही पारायणाच्या मंडपात तासभर बसलात तरी पुरे की.

सुरुवात गीतेपासून करा. सातशे श्लोक आहेत, आपल्या सोयीचं काहीतरी निघतंच. "कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन" हा दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक तर दिवाळीच्या तोंडावर फार उपयोगी. उद्यमबागेत फाउंड्री असेल तर ऑफिसात मोठी फ्रेम लावा, कामगार बोनसचं काढायला आला की काही बोलू नका, नुसतं फ्रेमकडं बघा. फक्त फ्रेमवाल्याला बजावून सांगा की अर्धाच श्लोक घाल बाबा. कारण पुढच्या अर्ध्यात "मा कर्मफलहेतुर्भूः" आहे, फळावर डोळा ठेवून काम करू नकोस, आणि हे फक्त कामगाराला, मालकाला नाही असं काही कृष्णानं सांगितलेलं नाही, म्हणजे वर्षाअखेरचा नफ्याचा आकडा पण त्यात अडकतो. शेजारी कन्नडमधून "कायकवे कैलास", म्हणजे काम हाच कैलास, असं लावलंत तर अजून बरं, दोन्ही भाषेतले कामगार गप्प. बसवण्णांच्या शरणांनी कायकाबरोबर दासोह पण सांगितलाय, कमावलेलं वाटून खायचं, पण त्याची फ्रेम कुठल्या ऑफिसात मी तरी अजून बघितली नाही.

स्वतःसाठी मात्र नववा अध्याय काढायचा. "योगक्षेमं वहाम्यहम्", एलआयसीच्या चिन्हाखाली असतंय ते. एलआयसीवाले निदान हप्ता तरी मागतात. श्लोकाच्या सुरुवातीला अनन्य होऊन, नित्य माझ्याशी जोडलेला राहून वगैरे अट आहे खरी, पण अटी कोण वाचतंय वो.

आता गुरुचरित्र. हा आपल्याकडचा खास विषय, नरसोबावाडी एका बाजूला, गाणगापूर दुसऱ्या बाजूला. सप्ताहाचे नियम कडक, जमिनीवर झोपा, कांदा-लसूण बंद, आणि ते आपली माणसं पाळतात, खोटं कशाला बोला. अडचण नियमांची नाहीच. अडचण अशी की अठरावा अध्याय दारिद्र्य जायला वाचायचा असं ठरलंय, त्यामुळं वाचणारा पहिल्या ओवीपासून धनाच्या हंड्याची वाट बघत बसतो. गोष्ट काय आहे? गरीब ब्राह्मण, दारात घेवड्याचा वेल, भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी घेवड्याच्या शेंगांवर घर चालायचं. नृसिंहसरस्वती स्वामी भिक्षेला आले, शेंगांची भाजी खाल्ली, आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. बायको रडायला लागली, आमचं काय वाईट केलं होतं म्हणून, आणि नवरा तिची समजूत काढत होता. मग वेलाचं मूळ खणून काढताना हंडा लागला. आता तुम्ही शहाणे असाल तर डायरेक्ट हंड्यावर यायचं. मधे जो वेल उपटलाय, हातातलं होतं तेवढं एकच गेलंय आणि पुढं काय येणार हे माहीत नसताना तो माणूस गप्प राहिलाय, त्या ओव्या जरा भरभर म्हणा. त्या नीट वाचल्या तर उगीच मनात येतं की आपला वेल कुठला, आणि तो उपटायला कुणी आलं तर आपण त्याला भिक्षा घालू का पोलीस कंप्लेंट देऊ. असले विचार पारायणात बरे नव्हेत. बाकी काय, सात दिवसांत हंडा निघाला नाही तर पुढच्या वर्षी परत बसा, नाहीतर वाचणाऱ्याच्या उच्चारावर ढकला.

ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना तर काही कष्टच नाहीत, नऊ हजार ओव्या बाजूला ठेवा आणि पसायदानातली एक ओळ धरा, "जो जे वांछील तो ते लाहो". बघा, माऊलींनी स्वतः परवानगी देऊन सोडलीय, जे पाहिजे ते मिळो. गाडीच्या मागच्या काचेवर लावा. ह्याच ओवीत आधी "दुरितांचे तिमिर जावो" आहे आणि त्याच्याही आधी खळांची व्यंकटी सांडो आहे, म्हणजे पहिल्यांदा वाकडेपणा गळून पडायचा, मग मागायचं, पण एवढं सगळं काचेवर मावत नाही. आणि शेवटी "प्राणिजात" म्हटलंय, त्यात तुमचा कोर्टात गेलेला भाऊ पण आला, तो जे मागतोय ते पण त्याला मिळो असं होतंय. तेव्हा ती ओळ तिथंच तोडलेली बरी.

तुकोबांचं सोपं आहे. "नाठाळाचे काठी देऊ माथा" एवढं पाठ करा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण झालं की टाका. त्याच अभंगाची सुरुवात "मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास" अशी आहे आणि काठीच्या आधी भल्या माणसाला अंगावरची लंगोटी सुद्धा काढून द्यायची तयारी आहे, पण लंगोटी द्यायला सांगणाऱ्या मेसेजला लाईक कमी पडतात. आणि कुणी फारच अर्थ विचारायला लागला तर "वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा" म्हणून मोकळे व्हा. हे "आम्ही" म्हणजे आपणच. ज्यांची वह्या बुडवण्यापर्यंत परीक्षा झाली ते वेगळे, त्यांचा काय संबंध.

विठ्ठलाबद्दल काही सांगत नाही. "कानडा हो विठ्ठलु" ह्या एका ओळीवर सीमेच्या दोन्ही बाजूची माणसं देवाच्या मालकीचा उतारा काढून बसलीत, आणि पुढं "तेणे मज लावियेला वेधु" आहे तिथपर्यंत अजून कुणी पोचलेलं दिसत नाही.

कधीकधी तोडून भागत नाही. मग जोडायचं. "अहिंसा परमो धर्मः" ह्याला मागून "धर्महिंसा तथैव च" लावलेला फॉरवर्ड तुम्हाला आलाच असेल, वर गांधींनी अर्धा श्लोक लपवला असा आरोप. महाभारतात अहिंसा परमो धर्म बऱ्याच ठिकाणी आहे, हे शेपूट कुठंच नाही. पण तसं म्हणू नका, ग्रुपमधून काढतील. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हाच लिहून ठेवलंय, की ह्यात जो पदरची ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. आता नरोट्याच फॉरवर्ड होतात, ताट कुणाच्या घरी आहे माहीत नाही.

कुणीतरी शहाणा मधेच म्हणेल, टिळकांना गीतेत कर्मयोग दिसला, गांधींना अनासक्ती दिसली, मग त्यांनी पण आपल्या मनासारखंच वाचलं की! ह्या मुद्द्याला जोरात मान डोलवा, फार कामाचा आहे, विशेषतः टिळकवाडीत बसून, जिथं १९२४ ची काँग्रेस गांधींच्या अध्यक्षतेखाली भरली होती. फक्त टिळक मंडालेच्या तुरुंगात बसून शंकराचार्यांच्या अर्थाशी पानोपानी वाद घालत होते आणि गांधी चाळीस वर्षं तसं वागायची खटपट करून मग लिहायला बसले, हे काढू नका. त्यांचा अर्थ त्यांना महागात पडला. आपला अर्थ आपल्याला नेहमी फायद्यातच टाकतो हा योगायोग आहे असं समजायचं.

सगळ्यात मोठा धोका घरातच असतो. सासऱ्यांनी "ठेविले अनंते तैसेचि रहावे" असं सुनेकडं बघून म्हणावं आणि तिनं स्वयंपाकघरातूनच विचारावं, "मामा, मग तुम्ही प्लॉटच्या केसमध्ये अपील कशाला केलाय?" हल्लीच्या मुली वाचून येतात, पूर्ण अभंग येतो त्यांना, पुढची ओवी काय म्हणून विचारतात, अर्थ सांगा म्हणतात. अशा वेळी उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. टाळ हातात घ्या आणि एकदम आरती सुरू करा, ती पण मोठ्या आवाजात, आरतीत मधे कुणी बोलत नाही, आणि संपेपर्यंत सगळ्यांचं लक्ष प्रसादाकडं गेलेलं असतंय.