‘सेबी सामान्य माणसाला श्रीमंत होऊ देत नाही’ म्हणे!

फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने एसआयएफ म्हणजे स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड (म्युच्युअल फंड कंपन्यांचेच, पण जास्त जोखमीचे, शेअर पडण्यावरही पैसे लावू शकणारे फंड) आणले पण किमान 10 लाखांची अट घालून सामान्य माणसाला दाराबाहेर ठेवलं, पैसा माझा तर मर्जीही माझी, हे फंड मार्केट पडलं तरी कमावतात, वगैरे वगैरे. आणि शेवटी एक जुगाड.

मर्जी तुमची, कबूल. पण रिस्क घ्यायला बंदी आहे कुठे? 500 रुपयांच्या एसआयपीने स्मॉलकॅप घ्या, सेक्टर फंड घ्या, कोण अडवतंय? एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे) तर मोबाइलवरच आहे. त्यातला हिशोब सेबीनेच काढलाय, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचे मिळून 1.8 लाख कोटींच्या वर गेले.

‘मार्केट पडलं तरी कमाई’ ही तर सरळ थाप. एसआयएफच्या इक्विटी लाँग-शॉर्ट प्रकारात किमान 80 टक्के पैसा शेअर्सशी निगडित असावा लागतो आणि हेज नसलेलं शॉर्ट (शेअर पडेल यावर लावलेली, दुसऱ्या सौद्याने न झाकलेली पैज) जास्तीत जास्त 25 टक्के. आता 100 रुपयांवर मांडून बघा, 80 चे शेअर्स, 25 चं शॉर्ट, म्हणजे निव्वळ 55 रुपये मार्केटबरोबरच वरखाली होणार, मार्केट 20 टक्के आपटलं की साधारण 11 रुपये तुमचेही गेले. आणि मॅनेजरने शॉर्ट केलेलेच शेअर चढले तर दोन्हीकडून मार.

‘अट श्रीमंतांच्या सोयीसाठी’ असं म्हणणाऱ्यांनी एटी-1 बाँड आठवावेत, म्हणजे बँक अडचणीत आली तर पैसे बुडू शकतात असे बँकांचे जोखमीचे कर्जरोखे. मार्च 2020 मध्ये येस बँकेचे 8,415 कोटींचे एटी-1 बाँड राइट-ऑफ झाले, म्हणजे किंमत थेट शून्य, आणि त्यात साधे ठेवीदारही होते, त्यांना ते ‘सुपर एफडी’ म्हणून विकल्याचं सेबीच्या नंतरच्या आदेशात आहे. (2023 मध्ये मुंबई हायकोर्टाने तो राइट-ऑफ रद्द केला, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.) राइट-ऑफनंतर 2020 मध्येच सेबीने एटी-1 ची किमान रक्कम थेट 1 कोटी केली.

एक मात्र मान्य, 10 लाखांनी खिसा मोजला जातो, अक्कल नाही. रिटायरमेंटचे पैसे हातात आलेले काका अटीत आरामात बसतात, त्यांना शॉर्ट म्हणजे काय हे माहीत असो नसो. एसआयएफ विकणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते, घेणाऱ्याला काही नाही. आणि स्वातंत्र्याचाच मुद्दा काढायचा तर हा काढा ना, की फंड पडून तुमची रक्कम 10 लाखांखाली गेली तर थोडे पैसे काढता येत नाहीत, काढायचे तर सगळेच काढा. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

आता तो जुगाड: चौघांनी अडीच-अडीच लाख काढून एकाच्या नावावर टाका. अरे बाबांनो, युनिट्स ज्याच्या पॅनवर त्याचेच, विकले की टॅक्स त्याच्याच नावावर, फंड कंपनी बाकी तिघांना ओळखतही नाही. उद्या त्याचं बरंवाईट झालं तर पैसे त्याच्या नॉमिनीच्या हातात जाणार, आणि तुमच्याकडे पुरावा काय, तर ग्रुपवरचं चॅट!