टोपीवाल्याची आणि माझी दिलजमाई

खरं सांगतो, हिमेश रेशमियाचं नाव काढलं तरी माझं डोकं सटकायचं. 2006 चे गणपती. मुंबईहून ट्रॅव्हल्सने गावी निघालेलो, हायवेचे खड्डे (ते तेव्हाही होते हो, आजचे नाहीत), कशेडी घाटात गाडी दोन तास जाग्यावर, आणि ड्रायव्हरने रात्रभर हिमेशची एकच कॅसेट लावलेली, संपली की परत तीच. शेवटी मागच्या सीटवरची एक आजी ओरडली, "अरे त्या झिलाक कोणतरी विक्स लावा रे!" अख्खी गाडी हसली. मी सगळ्यात मोठ्याने, कारण मी स्वतःला जाणकार समजायचो ना, पेटी वाजवतो, घरात नाट्यसंगीत, आणि हा माणूस टोपी घालून, माईक आभाळाकडे करून नाकात केकाटतोय. त्यात त्याच वर्षी त्याला 'आशिक बनाया आपने'साठी गायकाचं फिल्मफेअर. म्हणजे जखमेवर मीठ.

गावात पोचलो तर संध्याकाळी भजनाची प्रॅक्टिस. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे कुडाळ-मालवण साईडला भजनात गजर (सगळ्यांनी मिळून देवाचं नाव घ्यायचा भाग) आला की बुवा, म्हणजे भजनाचे मुख्य गायक, सरळ गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याची चाल उचलतात आणि त्यावर विठ्ठलाचं नाव बसवतात, कोणाला त्यात काय वावगं वाटत नाही. तर बुवांनी त्या वर्षीच्या गजराला नेमकी हिमेशच्याच गाण्याची चाल काढलेली. मी म्हटलं, बुवा, मी नाही वाजवणार, नाकातलं गाणं आहे ते. बुवांनी पानाची पिंक टाकली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "मेल्या, आमी मालवणी माणसां काय घशातसून बोलतव? चाल बघ, नाक कित्याक बघतंस?"

आता यावर काय बोलणार, आमच्या घरात तर साधं "हां" म्हटलं तरी त्यावर अनुस्वार असतो.

बसलो पेटीवर, तोंड वाकडं करूनच. आणि वाजवताना कळायला लागलं की मुखड्यात फार सूर नाहीतच, सगळं एवढ्या एवढ्या जागेत फिरतं, पण ओळ जिथे संपेल असं वाटतं तिथे संपत नाही, वर लटकत राहते, मग हात आपोआप परत सुरुवातीला जातो. बुवांनी एकदाच म्हणून दाखवलं आणि मागच्या पोरांनी, ज्यांना साधी आरती सुरात येत नाही त्यांनी, दुसऱ्या फेरीला झील (मागून द्यायची साथ) उचलली. पखवाजवाला तर सुटलाच. ही अशी चाल करणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने एक करून दाखवावी, मी नंतर गुपचूप प्रयत्न केलाय, नाही जमली.

मग कॅसेटची कव्हरं चाळत बसलो तर 2003 चं 'तेरे नाम'! जे ऐकून कॉलेजात मी रात्र रात्र उगाच उदास व्हायचो (प्रेमभंग सोडा, प्रेमच नव्हतं) त्याचं संगीत पण याचंच. तिथे गायले उदित नारायण, म्हणून मला गोड लागलं. 1998 पासून हा माणूस सिनेमाला चाली देत होता आणि माझा सगळा राग 2005 नंतरच्या नाकावर.

सगळंच आवडतं असं नाही हां. 2007 ला तो हिरो झाला ते मला आजही झेपत नाही. आणि एका गाण्याची तीन तीन रिमिक्स कशाला, ते त्यालाच माहीत. 2025 ला त्याचा कॅप मेनिया टूर झाला तेव्हा मुंबईचा भाचा तिकीट काढून, टोपी घालून गेला, त्याची पिढी आधी गंमत म्हणून ऐकते आणि मग गंमत कधी संपते ते त्यांनापण कळत नाही. माझंपण तेच झालं, फक्त मला एकोणीस वर्षं लागली.

2025 च्याच गणपतीत हाच भाचा म्हणाला, मामा, तो जुना गजर घ्या ना. बुवा आता थकलेत, भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले, मला वाटलं झोपले. मी पेटीचा भाता ओढला, पहिली ओळ उचलली, चांगली घशातून, खर्ज बिर्ज लावून. बुवांनी डोळे न उघडताच हात केला,

"नाकात घे रे, नाकात!"