दावा लावावा, चालवू नये

साहेब, सकाळी पेपर उघडला आणि चहा घशाखाली उतरला नाही ना? पान पाच, खालचा कोपरा, दोन कॉलम: पतसंस्थेच्या ठेवी अडकल्या, अध्यक्षांच्या मेहुण्याला विनातारण कर्ज. अध्यक्ष तुम्ही. मेहुणाही तुमचाच. आणि कर्ज... जाऊ द्या, कर्जाचं नंतर बघू. आधी अब्रूचं बघू.

खुलासा अजिबात पाठवू नका. खुलासा दिला की ज्यांनी बातमी वाचली नव्हती तेही जुना अंक शोधायला लागतात, आणि खुलाशात आकडे द्यावे लागतात ते वेगळंच. तुम्ही सरळ वकील गाठा आणि नोटीस काढा. बातमीतली नेमकी कुठली ओळ खोटी आहे, या भानगडीत नोटिशीने पडायचं नसतं. ‘माझे अशील हे समाजातील प्रतिष्ठित व्यक्ती असून सदर खोडसाळ वृत्तामुळे त्यांचे मनास तीव्र यातना झालेल्या आहेत, तरी नोटीस मिळालेपासून सात दिवसांचे आत बिनशर्त माफी मागावी’ एवढं भागतं. रक्कम मात्र भरघोस टाका. ती संस्थेतल्या अडकलेल्या ठेवींपेक्षा जास्तच हवी, नाहीतर गावात लोक उगाच तुलना करत बसतात.

शंभर कोटी कसे वाटतात? आकडा आपल्या पुण्यातलाच आहे. २००८ साली टाइम्स नाऊ वाहिनीने एका घोटाळ्याच्या बातमीत भलत्याच न्यायमूर्तींच्या जागी निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. साधारण पंधरा सेकंद. २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने शंभर कोटींची भरपाई मंजूर केली. हायकोर्टाने अपील ऐकण्याआधी वीस कोटी जमा करायला आणि ऐंशी कोटींची बँक गॅरंटी द्यायला सांगितलं, आणि सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. सावंत स्वतः प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष, ही त्यातली गंमत. फक्त एक अडचण आहे. त्यांच्या बाबतीत चूक खरोखर झाली होती, माणूसच दुसरा होता. असल्या माणसासाठीच हा कायदा असतो म्हणतात. तुम्ही त्या निकालातला आकडा तेवढा घ्या, बाकीचं नको.

आता दिवाणी की फौजदारी? दिवाणी दाव्यात एक मोठा धोका आहे: समोरच्याने बातमी खरी असल्याचं सिद्ध केलं की विषय संपला. फौजदारी त्या मानाने मायाळू. पूर्वीचं कलम ४९९ आणि ५००, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. तिथे नुसतं खरं असून भागत नाही. खरं आहे हेही वार्ताहराने दाखवायचं आणि ते छापणं लोकहिताचं होतं हेही त्यानेच दाखवायचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेने समाजसेवेचाही पर्याय दिलाय, म्हणजे तुमच्याच फ्लेक्सखालची गटार त्याच्याकडून साफ करून घेण्याची सोय झाली. हे कलम घटनेत बसत नाही असं म्हणत सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी आणि अरविंद केजरीवाल असे तिघे एकाच दारात उभे राहिले होते. देशात दुसऱ्या कुठल्या मुद्द्यावर या तिघांचं एकमत झाल्याचं मला तरी आठवत नाही. १३ मे २०१६ ला सुप्रीम कोर्टाने कलम कायम ठेवलं. तेव्हा निर्धास्त राहा.

तक्रारीत मालक, संपादक, मुद्रक आणि वार्ताहर अशी चारही नावं घाला. कामाचं नाव शेवटचं. मालक संपादकाला फोन करील, संपादक वार्ताहराला, आणि वाटेत आवाज चढत जाईल. हा वार्ताहर म्हणजे कोण? पगारी नव्हे. बातमीमागे मिळेल ते मानधन आणि जाहिरातीवर कमिशन. तुमच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पुरवणीसाठी दर वर्षी तुमच्याच बंगल्याच्या ओट्यावर तासभर बसून राहणारा तोच तो.

तक्रार त्याच्या तालुक्यात करू नका. बातमी मोबाईलवर वाचली जाते, तेव्हा ती कुठेही वाचली गेली असं म्हणता येतं. तो जतचा असेल तर गडचिरोली बघा. आरोपी बाहेरगावचा असेल तर समन्सआधी मॅजिस्ट्रेटने चौकशी करावी असं कायदा म्हणतो. म्हणू दे. चौकशीलाही तारखा लागतातच.

पुढचं तुम्हाला कधी दिसणार नाही, म्हणून सांगून ठेवतो. तो आदल्या रात्रीच एसटीने निघतो. पिशवीत डबा, जामिनाचे कागद आणि त्या अंकाच्या पाच झेरॉक्स. अकराला कोर्टाच्या व्हरांड्यात उभा. बाकावर जागा मिळाली तरी बसत नाही, कारण बसला आणि पुकारा ऐकू आला नाही तर वॉरंट निघेल ही धास्ती. पावणेदोनला पुकारा होतो. तुमचे वकील उठून सांगतात, फिर्यादी आजारी आहेत, मुदत मिळावी. फिर्यादी म्हणजे तुम्ही, त्या वेळी मेहुण्याच्या पेट्रोल पंपाची फीत कापत असता. पुढची तारीख सात आठवड्यांनी. शिपाई त्याच्याकडे बघतो, तो समजून खिशात हात घालतो. परतीच्या गाडीत तो हिशेब करतो: ज्या बातमीवर आपण इथवर आलो तिचे दीडशे रुपये अजून जमा झालेले नाहीत.

अशा सहा-सात तारखा झाल्या की तो आपणहून लग्नसोहळे आणि हरिनाम सप्ताह यांच्या बातम्यांकडे वळतो. त्याला कुणी गप्प बसवलेलं नसतं. वृत्तपत्र स्वातंत्र्य जागच्या जागी असतं.

एकच पथ्य पाळा. खटला चालू देऊ नका. चालवायच्या नादात भलेभले बुडाले. मुंबईत करसनदास मुळजींनी ‘सत्यप्रकाश’मध्ये वैष्णव महाराजांच्या वर्तनावर लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा दावा लावला, इथवर उत्तम. पण मग त्यांनी तो खरंच चालवला! साक्षीदार उभे राहिले. आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड उभे राहिले आणि महाराजांवर कुठल्या रोगाचे उपचार केले ते भर कोर्टात सांगून गेले. जे एका पत्रात एकदा छापून आलं असतं आणि पुड्या बांधण्यात संपलं असतं, ते शपथेवर नोंदलं गेलं. एप्रिल १८६२ मध्ये निकाल लागला आणि खर्चाचे साडेअकरा हजार उलट करसनदासांना द्यायची वेळ महाराजांवर आली.

बरं, जिंकून तरी काय मिळतं? कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे जिंकले होते. छत्रपतींच्या छळाबद्दल त्यांच्यावर आरोप करणारी पत्रं ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने वापरली, ती कोर्टात बनावट ठरली. म्हणजे चूक छापणाऱ्यांचीच, हे मान्यच करायला हवं. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघे पंचविशीतले. एकशे एक दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले तर लोक हार घेऊन उभे. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. आणि बर्व्यांचं नाव आज कुणाच्या तोंडी येतं ते फक्त याच खटल्यामुळे. कोर्टाने अब्रू परत दिली, पण ती ठेवायला जागा उरली नव्हती.

बातमी ताबडतोब हटवण्याचा एकतर्फी आदेश मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण त्यातही जपून. ब्लूमबर्गचा लेख काढायला लावणारा दिल्लीच्या कोर्टाचा असाच आदेश मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. खटला उभा राहण्याआधीच असा मनाई हुकूम देणं म्हणजे त्या मजकुराला मृत्युदंड, अशा अर्थाचं काहीतरी कठोर बोलून गेले. तुमच्या वार्ताहराला मात्र दिल्ली फार लांब आहे. त्याला गडचिरोलीच अजून झेपलेली नाही.

जाता जाता माझं एक काम. मानहानीच्या कलमाला जोडून जी स्पष्टीकरणं आहेत, त्यातलं तिसरं मी परवा निवांत वाचलं. उपरोधाने केलेला आरोपसुद्धा बदनामी ठरू शकतो, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणून साहेब, हे लेखी देऊन ठेवतो: वरचा शब्द न् शब्द मी सरळ मनाने, तुमच्याविषयीच्या नितांत आदरापोटी लिहिला आहे. तरीही मन दुखावलंच, तर तक्रार कृपया पुण्यात करा. कोर्टात चालत जाता येतं.