लागला का रं कुठं?

गणपतीला गावी गेलो की एसटीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न हाच. विचारणारी आत्या असो, किराणा दुकानातले काका असोत, नाहीतर पारावरचं कुणी, ज्यांचं नावही मला आठवत नाही. मी पुण्यात टीवाय बीएला. डिग्रीच हातात नाही तर लागणार कुठं? पण तसं सांगायचं नसतं. "प्रयत्न चालूयत" म्हणायचं आणि पुढं सरकायचं.

यंदा स्टँडसमोर फ्लेक्स होता. शेजारच्या वाडीतला एकजण पीएसआय झाला. खाली पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो, त्यातले निम्मे "अजून किती वर्षं पुस्तकं चाळणार" म्हणून त्याला हिणवणारे. पोरगा गुणाचा आहे, सदाशिव पेठेत एका खोलीत सहाजणांबरोबर चार वर्षं काढली त्यानं. त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार फ्लेक्सबद्दल आहे. आमच्याकडं फ्लेक्स लागला तर यश, नाहीतर पोरगं पुण्यात टाइमपास करतंय.

यूपीएससीच्या 2023 च्या पूर्वपरीक्षेला 5 लाख 92 हजार जण बसले. मुलाखतीपर्यंत पोचले 2,855 आणि शेवटच्या यादीत आले 1,016. म्हणजे अठराशेहून जास्त जण दिल्लीत मुलाखत देऊन रिकाम्या हातानं परतले. त्यांना गावात काय म्हणतात माहितीय? "त्याचं काय झालं नाही." पूर्व काढली, मुख्य काढली, तरी काय झालं नाही!

माझं सांगतो. सेकंड इयरला मी 'कमवा आणि शिका'मध्ये नाव दिलं. रोज तीन तास ग्रंथालयात. परत आलेली पुस्तकं नंबरप्रमाणे लावायची, धूळ झटकायची, फाटक्या पुस्तकांना चिकटपट्टी मारायची. माणूस कमी असला की बागेत पाइप धरायचा. पहिल्या आठवड्यात वर्गातलं कुणी दिसलं की मी कपाटामागं जायचो. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. महिन्यानं पैसे खात्यावर आले आणि मेसवाल्या काकूंना मी माझ्या पैशातून जीपे केलं. रात्री घरी फोन लावला. दादांनी सवयीनं विचारलं, "किती पाठवू?"

"या महिन्याला नको."

पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "बरं. जेवलास का?"

माझ्या लेखी कॉलेजात याच्यापेक्षा मोठं काही घडलेलं नाही.

ही 'कमवा आणि शिका'ची कल्पना आपल्याकडं रुजवली ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी. ते स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. 1919 ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. पुढं वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. 1947 ला साताऱ्यात कॉलेज उभं राहिलं तेही याच पायावर, पोरांनी घाम गाळायचा आणि शिकायचं. आत्याच्या हिशोबानं बघितलं तर तिशीपर्यंत भाऊरावांचंही काय झालं नव्हतं.

कुणी म्हणेल, मेसच्या बिलाला यश म्हणतोय म्हणजे याला द्राक्षं आंबट. असतील. पोस्ट मलाही पाहिजे. राज्यसेवेची मुख्य आता वर्णनात्मक झालीय, म्हणून हात दुखेपर्यंत उत्तरं लिहितोय. उद्या निघालो तर फ्लेक्सला नको म्हणणार नाही. (गॉगल घातलेला एक फोटो काढूनही ठेवलाय.) फक्त तोवरची वर्षं कुणी माझ्या नावावर 'वाया' म्हणून मांडू नयेत.

बाकी, अर्थशास्त्राचा एक पेपर राहिलाय. फॉर्मची शेवटची तारीख परवा. फी ग्रंथालयाच्या पैशातून भरतोय. आत्याला कुणी सांगू नका.